बारमधला लाकडी आडोसा

ती. वन्संना,

काउंटरमागून वाकून नमस्कार. (मध्ये गल्ला येतो, म्हणून अर्धाच झाला आहे, उरलेला प्रत्यक्ष भेटीत करीन.) तुमची कंबर कशी आहे? मुलं बरी ना? आणि तुमच्या बंधूंचा पाय? पायाबरोबर तोंडही प्लास्टरमध्ये घातलं असतं तर तुम्हाला थोडी विश्रांती मिळाली असती, पण डॉक्टरांना तरी किती कामं सांगणार.

ते कसे पडले हे त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल, आणि फुगवून सांगितलं असेल. झालं एवढंच, की वरच्या फळीवरची रमची बाटली काढायला हे शिडीवर चढले, शिडी सरकली, हे खाली आले आणि बाटली यांच्यावर. तुम्हाला ठाऊकच आहे, सगळा जन्म बारमध्ये गेला पण या माणसाने कधी थेंब चाखला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून मग घेतात. पण दवाखान्यात नेलं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत नुसता घमघमाट. डॉक्टरीणबाईंनी आधी पाय पाहायचा सोडून व्याख्यान सुरू केलं. मी म्हटलं, "अहो, हे पीत नाहीत." तर म्हणाल्या, "सगळ्यांच्या बायका असंच म्हणतात." हे कण्हायला लागले, तर तो त्यांना पश्चात्ताप वाटला. असो. आपला जिना उभा, तुमचं घर तळमजल्यावर. म्हणून हे तुमच्याकडे आले आणि बार माझ्या गळ्यात.

लग्न होऊन आल्यापासून मी त्या खोलीच्या डोक्यावर राहते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. घरातल्या बायकांनी मागच्या दाराने ये-जा करायची, हा मामंजींचा दंडक. (तुम्ही लहानपणी तो मोडून सोड्याच्या बाटलीतली गोटी मागायला आत घुसला होतात म्हणे. वेटरकाकांनी सांगितलं, मला रागावू नका.) वेटरकाका मामंजींच्या वेळचे, त्यामुळे दुकानाचा सगळा इतिहास त्यांना पाठ. सुरुवातीला म्हणे नुसता गुत्ता होता, बसायला काही नाही. उभ्याने यायचं, उभ्याने घ्यायची आणि उभं राहवेनासं झालं की निघायचं. मग मामंजींनी बाकडी आणली. माणसं बसली, बसली तशी बोलायला लागली, आणि बोलून बोलून घसे कोरडे पडायला लागल्यावर धंदा वाढला. पुढे खुर्च्या आल्या, पंखा आला. आणि मोठमोठी माणसं यायला लागली, त्यांना यायचं तर होतं पण दिसायचं नव्हतं, म्हणून तुमच्या बंधूंनी टेबलांच्या मधे लाकडी आडोसे घातले.

तर पहिल्या दिवशी मी जाऊन काउंटरला बसले आणि अख्खी खोली उठून उभी राहिली. टेलरने पेला टेबलाखाली धरला. हेडमास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं, तेही उलटं. "काय वहिनी, इकडे कुठे?" असं मलाच विचारलं, माझ्याच दुकानात! मग सगळ्यांनी लिंबू सोडा मागवला. (लिंबं संपली, बाटल्या जागच्या जागी.) दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. चौकात एक नवा बार झालाय, तिथे गाणी इतकी मोठ्याने लावतात की स्वतःचं दुःख शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. सगळे तिकडेच गेले असणार असं मी धरून चालले. वेटरकाका पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसायचे. खोटं कशाला सांगू, वन्सं, मला रडू आलं. मामंजींनी उभं केलेलं दुकान मी आठवड्यात बसवलं तर यांना काय तोंड दाखवू?

आणि भाजी घेताना टेलरची बायको भेटली. "वहिनी, बार बंद केलात का हो? हे संध्याकाळपासून घरीच असतात. काल माझं स्वयंपाकघर लावून दिलं. मला मीठ सापडत नाहीये. काहीतरी करा!" म्हणजे नव्या बारमध्ये कुणी गेलंच नव्हतं; मंडळी घरोघरी बसून डबे हलवत होती. मी म्हटलं, पाठवा त्यांना. सांगा, काउंटरला बसते ती वहिनी नाही, मालक समजा. निरोप सगळीकडे गेला, आणि बायका नवऱ्यांना ढकलून बारमध्ये धाडताहेत हे आमच्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

धंदा रुळावर आला तशी माझी हिंमत वाढली. आडोशांना इतकी जळमटं होती की ते मी काढून पॉलिशला दिले आणि तिथला मिणमिणता दिवा बदलून ट्यूब लावली. संध्याकाळी ट्यूब फडफडली, लागली, कोपऱ्यातले दोन गृहस्थ दचकून मागे वळले, आणि एकमेकांच्या समोर! एक हार्डवेअरवाले, दुसरे बँकेतले साहेब. हार्डवेअरवाल्यांची मुलगी साहेबांच्या मुलाला दिलेली, लग्न तोंडावर, आणि "आमच्या घरात कुणी या वस्तूला शिवत नाही" असं दोघांनीही बैठकीत छातीठोक सांगितलेलं. वर्षानुवर्षं पाठीला पाठ लावून बसत होते, मधे फक्त ती फळी.

मुलीचे वडील पांढरेफटक. मला वाटलं, माझ्या साफसफाईपायी एका पोरीचं लग्न मोडतंय.

"तुम्ही इथे?" साहेब म्हणाले.

"मी... तुमची चौकशी करायला आलो होतो. घराणं कसं आहे वगैरे."

"मीही त्यासाठीच!"

(दोघांसमोर पेले भरलेले, आणि चौकशी लग्न ठरायच्या कितीतरी आधीपासून चाललेली.) मी काउंटरवरून म्हटलं, "चौकशी झाली असेल तर दोघं एकाच टेबलावर बसा बघू. मला दुसरं टेबल लागतंय." वेटरकाकांनी मुकाट्याने पेला उचलून इकडून तिकडे ठेवला. साहेबांनी एकदा पेल्याकडे, एकदा व्याह्यांकडे पाहिलं, आणि एकाएकी ते इतके हसले की ठसका लागला आणि व्याह्यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. आता लग्नाचं सगळं त्याच टेबलावर ठरतं. बायकांना वाटतं (निदान त्या तसं दाखवतात) की व्याही मिळून फिरायला जातात. आडोसे पॉलिश होऊन आले, पण परत लावा असं कुणीच म्हणत नाही.

इकडचं सगळं ठीक. कंबरेला शेक देत जा, जड उचलू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. प्लास्टर निघायची वेळ झाली ना? वन्सं, काहीही करून यांना अजून महिनाभर ठेवून घ्या. डॉक्टरांचं नाव सांगा, जिन्याचं सांगा, तुमच्या कंबरेचं सांगा. हे आले की मला वर जावं लागेल, आणि ते लग्न अजून व्हायचंय; असं मधेच कसं सोडू?

ता. ता. क. : महिना जास्त होईल. पंधरा दिवस ठेवा. दुकान बंद करून वर गेलं की दिवसभराच्या गमती सांगायला माणूस नसतं; म्हणून तर पत्र एवढं लांबलं.

आणखी एक : रविवारीच पाठवून द्या कसे. काउंटर मी सोडणार नाही, एवढं मात्र त्यांच्या कानावर घाला. आणि एकटीला जेवण जात नाही, हे वाचून दाखवू नका. नाहीतर हा माणूस प्लास्टरसकट उद्याच दारात उभा राहील.