भिंतीवरची मुंगी

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
कुंभार पिंपळगाव,
माघ शुद्ध पंचमी, शके १८५९

रा. रा. रामरावभाऊजींना इंद्रायणीचा नमस्कार. इकडे देवाच्या कृपेनं खुशाल. हरभरा बरा आहे. पत्र पोचलं.

तुम्ही विचारता, जालन्याच्या तंबूत दाखवलेल्या सिनेमातल्या भिंतीवर मुंगी कुठून आली? यंत्रात शिरली का?

यंत्र बिलकुल साफ आहे, भाऊजी.

चित्रातल्या बैलानं एक पाऊल टाकायचं तर ह्यांना बारा कागद काढावे लागत. सहा वर्षांत अठराशे झाले. मी एक कागद फुकट जाऊ दिला नाही. शेवटी शेवटी ह्यांना चित्र दिसायला भरदुपारीही दिवा लागायचा.

मंग तुम्ही आलात. “वहिनी, ह्या कागदांचा पुण्याहून सिनेमा करून आणतो. नाव दादाचंच.” आठ दिवस पुरणपोळी जेवलात. जाताना माझ्याकडं बघून हसलात, “मॅट्रिक होऊन काय केलं? कागदच मोजले!”

त्याच आठ दिवसांत ओट्यावर तुमच्या दोस्ताला, मच्छिंद्रला म्हणालात, “आंधळ्याला काय दिसतंय, नाव कोणाचं ते?” मी आत तांदूळ निवडत होते.

दुपारी तुम्ही घोरायचात, तेव्हा बैल भिंतीपुढून जातो त्या तीनशे कागदांवर, भिंतीवर मी एकेक मुंगी काढली. दर कागदावर केसभर पुढं. सुटा कागद बघितला तर मुंगीच. तुम्ही बघितलेच असतील.

तंबूत पहिल्या पाटीवर तुमचं नाव आलं. तुम्ही हार घालून खुर्चीवर. मंग मुंगी चालायला लागली. शेजारची नंदाबाई म्हणाली, “अगं बया, ती लिहून राह्यली!” तिच्या कचरूनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं आणि अख्खा तंबू तेच नाव ओरडला.

ह्यांनी माझा हात धरला. “काय चाललंय गं?”

“ऐका,” म्हटलं.

आता उरलेल्या कागदांचा दुसरा गठ्ठा मागितलात. तो देवघरात आहे, तिथंच राहील. पहिला मात्र खुशाल दाखवा. तीर्थपुरीला दाखवा, हसनाबादला दाखवा, हार घालून पुढं बसा. मुंगी पुसायची तर ह्यांचा बैलही पुसावा लागेल.

लग्नाला सतरा वर्षं झाली. उखाण्याबाहेर मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून मुंगीला कामाला लावलं. मी रोज मुंग्यांना साखर घालते, भाऊजी. त्या विसरत नाहीत.

आज पहिल्यांदा पुरती सही करते.

सौ. इंद्रायणी त्रिंबक