‘पाटी’साठी दुसरं नाव

पनवेल,
रविवार सकाळ

प्रिय इसाजी यास दाजीचा शालोम आणि वडीलकीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे इस्रायलात, अश्दोदच्या थंडीत तो जास्त ठणकतो असं मागे म्हणाला होतास. मी बरा आहे. (बरा म्हणजे साखर वाढलेलीच आहे, पण जेवतो, चालतो, आणि सिनेगॉगची एक किल्ली अजून माझ्याकडे असते.) तुझ्या ताईला जाऊन परवा आठ महिने झाले. फोनवर आपण दोघंही हवापाण्याचंच बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र.

तुला ‘पाटी’ आठवत असेल. तमारनं नेऱ्याच्या शाळेतल्या मुलांसाठी केलेली प्रोग्रॅमिंगची भाषा, जिच्यात ‘इफ’च्या जागी ‘जर’ आणि ‘एल्स’च्या जागी ‘नाहीतर’ लिहायचं. तू हसून म्हणाला होतास, "ताई, मराठीत प्रोग्रॅम कोण लिहिणार गं?" (ती चिडली नाही. त्या दिवशी भाजी मात्र करपली.) तर जगभरातली माणसं मिळून फुकटात चालवतात असं एक बिल्ड टूल आहे. तू त्या धंद्यातलाच, पण तळोज्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला ते असं समजलं: प्रोग्रॅमचे सुटे तुकडे कोणत्या क्रमानं जोडायचे हे ते टूल ठरवतं आणि जोडून देतं. त्याला पाटी कळली, की कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर ती एका ओळीत चालेल आणि मुलांना कुणाच्या मागे लागायला नको. त्यासाठी लागणारं सगळं तमारनं स्वतः लिहून मार्चमध्ये पाठवलं. एप्रिलमध्ये ती अ‍ॅडमिट झाली. खाटेवरूनही फोनवर तिचं दुरुस्त करणं चालूच. नर्स रागावली, की मी सांगायचो, सरकारी काम आहे.

ती गेल्यावर तिसाव्या दिवशी प्रार्थनेला नऊच पुरुष जमले. पेणहून दहावा यायची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात तिच्या फोनवर त्या टूलवाल्यांचा मेल आला. तीस दिवसांत काहीही हालचाल न दिसल्यामुळे आपला प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. मला वाटलं, कुणी साहेब असेल. मी लिहिलं, अर्जदार दिवंगत झाल्याने हालचाल करण्यास असमर्थ आहेत, कृपया मुदतवाढ मिळावी, आणि सोबत मृत्यूचा दाखला जोडला. (सही-शिक्क्यासकट.) दोन मिनिटांत उत्तर: पहिल्या योगदानाबद्दल आभार, पण जोडलेल्या फाइलचं नाव नियमांत बसत नाही. मी नाव बदलून दाखला पुन्हा पाठवला. पुन्हा आभार. तिसऱ्या खेपेला कळलं, की पलीकडे माणूस नाही, यंत्र आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र माणसानं लिहिलं. नॉर्वेतली एक बाई आहे, आलेलं काम तपासणारी. तिनं दाखला पाहिला होता. तिनं माफी मागितली, प्रस्ताव उघडला आणि विचारलं, हे काम तुम्ही पुढे न्याल का? मी हो म्हणालो. ‘पुढे’ म्हणजे कुठे हे मला ठाऊक नव्हतं. मग सूचना सुरू झाल्या आणि प्रत्येक सूचनेआधी ‘निट’. डिक्शनरीत पाहिलं, तर अर्थ निघाला उवांची अंडी. तमारच्या लिखाणात लिखा काढते म्हणजे काय, या रागात मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. नंतर कळलं, क्षुल्लक चूक दाखवताना ते लोक असंच म्हणतात. चौतीस निघाल्या. रोज सकाळी चहानंतर एक, या हिशेबानं मी त्या काढल्या.

राहता राहिली एक चाचणी. तमारनं बारा लहान प्रोग्रॅम चाचणीसाठी जोडले होते. अकरा चालले. ‘दुसऱ्यांदा’ नावाचा चालेना, टूल म्हणे फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती. सोळा दिवस मी तिच्याकडे बघत होतो. शेवटी मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या त्या नॉर्वेवालीनं दाखवलं, की चाचण्यांच्या यादीतल्या नावात एक न दिसणारं चिन्ह जास्त आहे. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच. फाइल तमारनं घरी केली होती, यादी दवाखान्यात फोनवर. मी यादीतलं नाव घरी पुन्हा टाइप केलं. चाचणी चालली आणि पडद्यावर ओळ आली: "एलियास, दुसऱ्यांदा विचारते, गोळी घेतलीस का?"

घेतली नव्हती. उठून घेतली.

शेवटचा नियम असा, की प्रत्येक भाषेला निदान दोन सांभाळणारे हवेत. आपल्याकडे प्रार्थनेला दहा लागतात, त्यांना दोन पुरतात, आणि माझ्याकडे तेवढेही नव्हते. तरी दोन नावं दिली. गेल्या मंगळवारी काम स्वीकारलं गेलं. मी आपला गोड पोह्यांचा मलिदा केला, नॉर्वेला फोटो पाठवला. पोह्यांत साखर कशी, असं तिनं विचारलं.

घरच्यांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
एलियास

ता. क. दुसरं नाव तुझं आहे. विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू कामात आहेस म्हणाला असतास, आणि खरंच असतास. वर्षातून दोनदा काहीतरी तपासून हो म्हणायचं, एवढंच.

आणखी एक. नेऱ्याच्या शाळेत गेल्या जूनपासून टॅब्लेट आलेत आणि पाटी बंद झाली. तसं ठरल्याचं तिथल्या वल्लरी मॅडमनी मला एप्रिलमध्येच, फार हळू आवाजात सांगितलं होतं. मी तमारला दवाखान्यात सांगितलं, की मुलं पुढचा धडा कधी म्हणून विचारतायत. तिला खरं वाटलं असावं. निदान तिनं तसं दाखवलं.

शेवटचं. नॉर्वेच्या फॉर्मवर एक रकाना होता, ही भाषा सध्या वापरणारे किती. मी ‘दोन’ लिहिलं. एक मी. तेव्हा इसाजी, एकदा तुझ्या कॉम्प्युटरवर पाटी चालवून बघ. मराठी विसरलो म्हणू नकोस. सगळे मिळून एकोणीस शब्द आहेत, आणि तुला बोलायला ताईनंच शिकवलं होतं.