पितृपक्षात अडकलेला अहवाल

हमीदभाई,

तुमच्या बोक्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. तुम्ही यायचात त्याच वेळेला तो रोज ऑफिसात येतो, अशिलाच्या खुर्चीत बसतो आणि माझ्याकडे एकटक पाहतो. वकिलाकडे असं पाहणं शिष्टाचारात बसत नाही.

ज्या आगीत तुम्ही गेलात ती मेकॅनिकने डिझेलची नळी चुकीची बसवल्यामुळे लागली, असं चौलच्या इंजिनियरांनी बोटीचं जळकं इंजिन तपासून सांगितलं. अहवाल तयार होता. पण पितृपक्षात सही करणार नाही म्हणाले, आणि मी, पाठशाळेत शिकलेला शहाणा, "बरं, घटस्थापनेला करा" म्हणालो. तज्ज्ञाचा अहवाल देण्याची कोर्टाची मुदत त्याआधीच टळली.

काल विलंब माफीच्या अर्जावर सुनावणी झाली. मेकॅनिकचा वकील म्हणाला, "साहेब, मयत मुसलमान. मग पितर कोणाचे आडवे आले?" सगळं कोर्ट हसलं. तुम्हीही हसला असतात. जज्जसाहेब मात्र हसले नाहीत. आदेश सोमवारी आहे.

बाहेर तैयबाभाभींनी विचारलं, "वकीलसाहेब, अहवाल घेतील ना?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला." माझ्या तोंडून तो शब्द ऐकून त्या घाबरल्याच.

तुमच्या विडीने आग लागली, असं मेकॅनिकची बाजू म्हणते. तुम्ही विडी ओढायचात हे अख्ख्या रेवदंड्याला ठाऊक आहे. अहवालाशिवाय माझ्याकडे उत्तर नाही.

बोक्याचं काही नाही, हमीदभाई. बापानेच बोट जाळली, असं तुमच्या झियानला पुढे निकालपत्रात वाचावं लागेल, आणि तेही माझ्यामुळे, याची मला भीती वाटते.

तुम्ही ज्याला शास्त्रीबुवा म्हणायचात तो,
विद्याधर