पोट माझं, नमुना पैलवानाचा

११ जाने., रवि.
कबनूरचं यंत्रमागावरचं काम सोडलं. परत कोल्हापुरात, घरी. चप्पल घ्यायला निघालतो, एका हॉलबाहेर जेवणाचा वास आला म्हणून आत शिरलो. पोटाच्या डॉक्टरचा सत्कार. फेटा, शाल. ओळखलं की लगेच. दहावीला पेपरातनं सारखं उठून पळत होतो, तेव्हा ह्यानंच आप्पांना सांगितलेलं, "पोटात काही नाही. नाटकं करतोय." राहिलेले पेपर राहिलेच. आप्पा अजून चारचौघांत मला नाटक्या म्हणतात.
आणि आज स्टेजवरनं सांगतोय, आयबीएस खरा आजार, आतड्यातले जंतू बिघडतात, पेशंटला खोटं पाडू नका. टाळ्या. मी राग जिलेबीवर काढला. आता भोगतोय.

१४ जाने., बुध.
संशोधनाला त्या डॉक्टरला आयबीएसचे पेशंट पाहिजेत. नाव दिलं. मला ओळखलं न्हाई. वर तिळगूळ दिला. उद्या डबीत शौचाचा नमुना न्यायचा. नेतो की. असा नेतो, की सगळं संशोधन नासलं पाहिजे.

१५ जाने., गुरु.
सकाळी तालमीत. शाळेतला दोस्त संभा पैलवान. दगड पचवील. म्हटलं, तुझा नमुना दे, माझ्या नावावर खपवतो. लई हसला, मग लाजला. कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातली. मग कुस्तीची जोड लागलेली बघत बसलो, डबी उशिरानं दिली. संध्याकाळी दूध कट्ट्यावर त्याला म्हशीचं धारेचं दूध पाजलं. मी नुसता बघत. मला दूध म्हणजे...

२० मार्च, शुक्र.
रिपोर्ट. आप्पांना मुद्दाम नेलतं. त्यांच्यासमोर ह्याच्या तोंडनं आजार खरा हाय म्हणून वदवायचं होतं. रिपोर्ट संभाच्या पोटाचा येणार, हे डोक्यातच न्हाई.
डॉक्टर मायेनं बोलला. "इतकं निरोगी आतडं मी क्वचित पाहिलंय, बाळा. त्रास तुझ्या मनात आहे."
आप्पा म्हणाले, "दहावीला पण तुम्ही हेच सांगितलं होतं, साहेब."
तो हसला. "म्हणजे तेव्हाही माझं बरोबरच होतं."
माझी केस पुढच्या भाषणात सांगणार म्हणे. डबी बदलली म्हणून बोललो असतो तर नाटक्याच ठरलो असतो. न बोलता पण ठरलोच.

२१ मार्च, शनि.
संभाला सांगितलं. म्हणाला, "शपथ सोडली, सांग जा. पण खरंच एवढं भारी हाय व्हय माझं पोट?" छाती फुगवून गेला.
नर्सकडनं नवी डबी आणली. ह्या बारीला माझाच नमुना. सोमवारी आत जाऊन देऊ? का भाषणापर्यंत कळ काढू, संभाला घेऊन भरल्या हॉलात उभं राहू, टाळ्या चालू असताना? दुसरं गोड लागतंय. पण तोवर तो आणि कुणाच्या आप्पांना 'नाटकं' म्हणून...
आप्पा हाक मारतायत. नाटक्या, जेवायला ये.
पोटात कळ आली. डबी कुठं ठेवली मी?