पिवळीच्या तोंडातली अंडी

१४ सप्टेंबर, रविवार
पिवळीनं पुन्हा अंडी घातली. पूजा आटोपून माशांच्या टाकीपुढं बसलो, तर सपाट दगडावर नर थरथरत होता आणि ती त्याच्याभोवती गिरक्या घेत होती. अंडं घातलं की वळून लगेच तोंडात. आता पिल्लं होईपर्यंत तोंडातच. नराच्या पोटाखालच्या परावर हुबेहूब अंड्यांसारखे ठिपके. ती तेही उचलायला जाते, नराचं बीज तोंडात जातं, आणि त्या फसण्यातच तोंडातली अंडी फळतात. हे कुणी योजलं असेल? नकळत हात जोडले गेले.
मागं दोनदा तिनं अशीच धरली होती. दोन्ही वेळा चार दिवसांत गिळून मोकळी. या खेपेला तरी पिल्लं दिसावीत. दुसरं काही मागणं नाही.

१७ सप्टें.
खात नाही. दाणे टाकले की बाकीचे तुटून पडतात, ही कोपऱ्यात. गळा फुगलेला. जबडा हळूहळू हलतो, आतल्या आत अंडी फिरवत असते.
परभणीला सलीमभाईंना फोन. मासे त्यांच्याच दुकानातले. म्हणाले, “सर, दचकली की गिळती ती. टाकीत हात घालू नका, पाणी बदलू नका. सबर करा बस.” पाण्याचं विचारलं. “तुमच्या झरी गावचं बोअरचं जड पाणी ना? एक नंबर! या माशांना तसंच लागतं.”
मंगलला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, माशांना तरी मानवलं. माझी डाळ शिजंना त्यात.”

२२ सप्टें.
घट बसले. जागा नाही म्हणून टाकीशेजारीच. मंगलचे नऊ दिवस सुरू. ताडकळसहून आत्या आली. आल्या आल्या टाकीपुढं बसली.
“ही पिवळी का खात न्हाई रे?”
“तोंडात अंडी हायत तिच्या.”
“आगं बया! मंजी हिचा बी उपास.”
मंगल आतून, “मग भगर वाढू का तिला पण?”
आत्या म्हणाली, “तू गप. तुझा उपास भगरीचा, साबुदाण्याचा. हिचा निव्वळ हाय.”
हसलो सगळे. पण खरं आहे. तोंड भरलेलं, समोर अन्न, आणि गिळायचं नाही. माझ्यानं एक एकादशी धड होत नाही.

२५ सप्टें.
शाळेतून आलो तर टाकी दुधासारखी पांढरी. मासे वर येऊन तोंडं वासायले. फिल्टरमध्ये कणीक गच्च.
आत्यानं दुपारी कणकेच्या गोळ्या करून टाकल्या होत्या, देवाचं नाव घेत. “गंगेला गेलं की टाकतोच की आपण माशांना. मुक्या जिवाला घातलं तर काय पाप झालं?”
तिची गंगा म्हणजे गोदावरी, एवढी मोठी, ही टाकी दोन हाताची. पाणी बदलू नये तर सगळेच जाणार. बदलावं तर पिवळी दचकून गिळणार. शेवटी नळी लावून घाण पाणी काढलं.
नवं पाणी बादलीनं ओतलं तर धबधबा होणार. आत्या समजली. तांब्या मागितला. पाण्यावर ताटली तरंगत ठेवली आणि तिच्यावर धार धरली, पिंडीवर अभिषेकाला धरते तशी, करंगळीएवढी, न तुटता. बादलीमागून बादली. मी मागितला तरी तांब्या मला देईना.
पिवळी टाकीतल्या खापराच्या आड गेली. गळा दिसला नाही.

२६ सप्टें.
गळा भरलेला आहे! जबडा हलतोय. आत्याला दाखवलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि वर मलाच, “उगं तोंड पाडून बसला व्हतास काल.”

२९ सप्टें.
पिवळी वाळली. पाठ सुरीच्या धारेसारखी, पोट आत. गळा तेवढा भरलेला. सलीमभाई म्हणतात, हातात धरून, काडीनं तोंड उघडून पिल्लं काढून घेता येतात. “सगळेच काढतात सर. मी येऊ का?”
मंगलला विचारलं. “एवढं धरलंय तिनं, आणि तुम्ही जबडा उघडणार?”
पण मेली तर? तरी सलीमभाईंना नको म्हणालो.

२ ऑक्टो.
दसरा. घट उठले. मंगलनं उपवास सोडला. पिवळीचा चालूच. आत्या गावी गेली. निघताना टाकीला सोनं वाहिलं, पण वर झाकणावर ठेवलं, पाण्यात टाकलं नाही. “शिकले म्या आता.”

५ ऑक्टो.
सकाळी ऊन टाकीवर आलं तेव्हा तिनं जांभईसारखं तोंड उघडलं. आत डोळेच डोळे. मोहरीएवढे, काळे, माझ्याकडं बघणारे. मंगलला हाक मारायचंही सुचलं नाही.
मग ती वाळूजवळ गेली, डोकं खाली केलं, आणि एक पिल्लू बाहेर आलं. टाचणीएवढं, पिवळसर, पोहत होतं! तेवढ्यात मागून नर आला. ती झटक्यात वळली आणि पिल्लू तोंडात.
गिळलं की जपायला आत घेतलं, कळलं नाही. तोंड मिटून खापराआड बसली आहे. गळा अजून भरलेला दिसतो.