सामाईक भट्टीला एकच वारस

आई ओल्या फडक्यानं धरून भट्टीचं लोखंडी दार उघडायची, तेव्हा ते लांब सुरात कण्हायचं आणि अख्खी गल्ली जागी व्हायची. तो सूर कानात आहे तोवर माझी बुद्धी शाबूत समजावी. कोणाच्याही दडपणाशिवाय, मात्र पुष्कळ धास्तीनं, मी, या गल्लीचा म्हातारा भट्टीवाला, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीची सर्व रद्द.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक थोरल्या वहिनींना.

शाळेतली कवितांची पुस्तकं, कव्हरांसकट, शेजारच्या शिंप्याला. कणीक मळताना मी पाठ कविता म्हणू लागलो की तो ओरडायचा, "कविराज, आवरा! पाव आंबट होईल!" आता त्यानं स्वतः म्हणून बघाव्यात.

पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं लोहाराला कदापि देऊ नये. त्यानं ते नेऊन गटार उपसलं होतं.

आता भट्टी.

इथली रीत अशी, की घरोघरची कणीक येते, पण आपला पाव कोणी आपण काढत नाही. रांगेतला पुढचा माणूस काढतो. त्यामुळे भांडलेल्यांनाही एकमेकांचा पाव जपावा लागतो. माझी लेक माणसांच्या खाण्यापिण्याच्या रीती अभ्यासून विद्वान झाली, ती याच उंबऱ्यावर बसून. पुढे ती अन्नखात्यात गेली, आणि खात्याचा नियम आला: भट्टीला एकच जबाबदार मालक हवा, बाहेरचे हात नकोत, नाहीतर सील.

मी फोनवर म्हणालो, "अगं, इथं बाहेरचं कोण आहे?"

"बाबा, उद्या कुणाला विषबाधा झाली तर मी धरू कुणाला? सगळ्या गल्लीला?"

तिचंही खोटं नाही. पण तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

भट्टीच्या मालक व्हाल का, असं वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "वा भावोजी! तुम्ही सुखानं जाणार आणि साहेबलोक माझ्या मानगुटीवर!"

म्हणून लिहितो: भट्टी रांगेत उभं राहणाऱ्या सर्वांची. वकील म्हणतात, असा वारस कायद्याला दिसत नाही. मग उद्या खात्याचे लोक तपासणीला येतील तेव्हा काय होणार? विस्तव विझला तर ही घरं एकमेकांकडे कशाच्या निमित्तानं जाणार? विचार करून जीव टांगणीला लागला आहे.

ठिकाण: भट्टीसमोरची खोली.
दिनांक: तपासणीचा आदला दिवस, दुपार.
सही: भट्टीवाला
साक्षीदार पहिला: समोरचे कंपाउंडर.
साक्षीदार दुसरा: दूधवाला. यायचा आहे.

शाई वाळायच्या आत दार वाजलं. दूधवालाच असणार, म्हणून कंपाउंडरनी कडी काढली. दारात लेक. खांद्याला खात्याची बॅग, हातात फडक्यानं झाकलेली परात, मनगटापर्यंत पीठ.

"बाबा," ती म्हणाली, "रांग कुठून आहे?"