गाडग्यातलं डांगराचं बी

माय, परवाच्या बाजारात मी डांगराची फोड खाल्ली आन् तिथंच खुदकन हसली. सोबत नात होती. "आजी, लोकं पाहून राह्यले," म्हणे. पाहू दे. शहरातले त्याले खरबूज म्हणतात, पण हे तुहं डांगर होतं माय, आपल्या वाळूत व्हायचं तेच! इतक्या वर्षांनी चव जशीच्या तशी. फक्त विकून राह्यली होती नदीपल्याडच्या घरची सून. वाळूच्या पट्ट्यावरून बाबाचं ज्या घराशी वाजलं, ज्या घरचं पाणीबी त्यानं आपल्याले पिऊ देल्लं नाही, त्या घरची.

पूर ओसरला की सारं गाव वाळूत जायचं. दोरी लावून पट्टे पाडायचे, चर खोदून शेणखत भरायचं, आन् कोल्हे हाकलाले आमी पोरं डबे बडवायचो. आता वरती धरण झालं. वाळूत कोनी काही लावत नाही, पोट्टे क्रिकेट खेळतात. एका पोट्ट्याचा चेंडू मले लागला होता, पण ते राहू दे.

तो दिवस सांगतो. मी चुलीपुढं बसली आहे. तू राखेत ठेवलेल्या बियांचं गाडगं फळीवरून उतरवतेस, आत हात घालतेस, बी अर्धंच. "तूच भाजून खाल्लं ना? बोल!" आन् माह्या गालावर चापट. घाटावर सगळ्या बायांले सांगितलं तू, पोट्टीनं बी खाल्लं म्हणून. मग आठच दिवसांत वाशीमवरून मले लाल रिबीन आणली. भावाले काहीच नाही. काहून, ते मले कधी समजलं नाही.

परवा त्या सुनेले विचारलं, बी कुठलं? ती म्हणे, "मावशी, तुमच्याच घरचं, आता आमी वावरात लावतो. तुमच्या मायनं धुनं धुता धुता पदराची गाठ सोडून आमच्या सासूबाईले देल्लं. कोनाले सांगू नको म्हने. पाह्यजे असन तं घरी या, देतो."

माह्या डोक्यात नुसता गोंधळ. तुमी दोघी बोलत होत्या? कवापासून? आता तू नाही, तिची सासू नाही, कोनाले विचारू? भावाले सांगितलं तं तो भडकला. "तिकडं गेलीस तं माह्या दारात येऊ नको!" म्हटलं, "येईन, आन् तुह्यासाठी डांगरबी आणीन." काल नातीले घेऊन गेली. पाणी पेली, चहा पेली, वट्यावर बसून मनसोक्त गप्पा हाणल्या. निघताना तिनं ओंजळभर बी नातीच्या ओढणीत टाकलं. इतकी खुशी मले पोराच्या लग्नातबी नव्हती झाली.

पण घरी आल्यापासून एकच घोळून राह्यलं. बी तू देल्लं, आन् बाबाले समजू नये म्हणून आळ माह्यावर घेतला. पोरीले नाहक मारलं, हे तुले जन्मभर खात राह्यलं असन. मीबी सगळ्यांले तेच सांगत आली, मायनं मले बिनकसुराचं मारलं. नातीले तं दहा वेळा सांगितलं.

माय, एक मूठ मी खाल्ली होती. तव्यावर भाजून, मीठ लावून. तुह्या जीवात जीव होता तवा सांगितलं असतं, तं तुहं ओझं जरा हलकं झालं असतं. हा कागद मी कोनाले वाचाले देत नाही. नातीले अजून तोंडानंबी सांगवत नाही.